ग्रुपवर ठरवायचं की समोर बसून?

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं की छोट्या गटाचं, म्हणजे पाच-सात ते फार तर वीस माणसांचं, बोलणं फोनवरच्या ग्रुपात नीट होतं की एकत्र बसून. पत्रं आणि मेल इतके आलेत की सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, म्हणून एकाच प्रकारची दहा असतील तर त्यातलं एक घेतलंय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, कारण काहींनी बजावूनच ठेवलंय की "आमच्या ग्रुपातले लोक हे मासिक वाचतात हो ताई".

प्रश्न : डोंबिवलीत आमची २८ फ्लॅटची सोसायटी आहे, मी सेक्रेटरी. कमिटीत सात जण. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशनं मी ग्रुपवर टाकली, मधल्या कोटेशनला पाच जणांनी अंगठा दिला म्हणून मी कॉन्ट्रॅक्टरला हो कळवून टाकलं. आता दोघं म्हणतात आम्हाला विचारलंच नाही आणि अंगठा देणाऱ्यातलेच एक काका म्हणतात, मी फक्त बघितलं म्हणून अंगठा दिला होता. त्यावर खजिनदारांनी "वा, छान कारभार चाललाय" असं लिहिलं आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. मी राजीनामा देऊ का?

राजीनामा अजिबात देऊ नका, दुसरं कुणी सेक्रेटरी व्हायला तयार नसतं हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही.

आधी ते अंगठ्याचं बघू. सात जणांच्या ग्रुपात अंगठा म्हणजे वाचलं, चालेल, बघू, तुम्ही करा मला त्रास नको, नातवाने दाबला, यातलं काहीही असू शकतं आणि ते त्या काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं एवढंच. बाकीच्या चौघांचा अंगठा नक्की कसला होता हे तुम्हाला अजूनही माहीत नाही. समोर बसलेले असताना ते काका जर नुसते "हं" म्हणाले असते तर त्या "हं" मध्ये किती दम आहे ते तुम्हाला तिथल्या तिथे कळलं असतं आणि तुम्ही विचारलं असतंत की काका हो ना नक्की, मग बोलू नका नंतर. ग्रुपवर हा दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही.

आणि नियमाचं म्हणाल तर सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपनियमांत कमिटीची सभा महिन्यातून एकदा तरी व्हायलाच हवी असं आहे, तिचं इतिवृत्त लिहायचं असतं, त्यावर सह्या असतात. उद्या गच्ची पुन्हा गळली आणि कुणी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे गेलं तर तुम्ही काय अंगठ्यांचा स्क्रीनशॉट दाखवणार का. मोठ्या सभेचं आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहितीये, दोन तृतीयांश सभासद किंवा २० यातला कमी आकडा गणपूर्तीला लागतो, तेवढे येत नाहीत, मग अर्धा तास तहकूब करून जे आहेत त्यांच्यातच उरकायचं. पण कमिटी सात जणांची आहे, सात जण एका हॉलमध्ये मावतात, त्यांना एकत्र आणायला काही आभाळ कोसळत नाही.

आता खजिनदारांचं "वा, छान कारभार चाललाय". तुम्ही ते टोमणा म्हणून वाचलंत, बहुतेक तो टोमणाच असेल, पण मला पत्रावरून खात्रीने सांगता येत नाही आणि तुम्हालाही फोनच्या स्क्रीनवरून सांगता येत नाही, हीच तर गंमत आहे. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली यावर अमेरिकेत प्रयोग केले होते. काही वाक्यं टोमणा म्हणून, काही सरळ मनाने, ईमेलवर लिहून आणि आवाजात बोलून पाठवायला सांगितली. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की ७८ टक्के वेळा समोरच्याला बरोबर कळेल. ईमेलवर कळलं ५६ टक्के वेळा, म्हणजे छापा-काटा केला असता तर ५० आले असते, त्याच्या जरासं वर. आवाजावर मात्र ७३ टक्के. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लिहिणाऱ्याला शंकाच येत नाही, कारण त्याच्या डोक्यात ते वाक्य त्याच्या स्वतःच्या आवाजात वाजत असतं ना.

तर आता काय करायचं. कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स दिला नसेल तर आठ दिवस थांबायला सांगा. खजिनदारांच्या घरी जा, फोनही नको, एकाच बिल्डिंगमध्ये राहता तर जिने उतरून जा, आणि जाताना कोटेशनं हातात घेऊन जा. मग सातही जणांची सभा लावा, आदल्या दिवशी ग्रुपवर विषय टाका, एकच विषय, पार्किंग आणि मांजरं त्यात घुसवू नका. आणि सभेत जे दोघं विरोधात आहेत त्यांना आधी बोलू द्या. हे महत्त्वाचं, कारण बाकीचे पाच आधी बोलले की त्या दोघांना ऐकायचंच नसतं, ते आपली वेळ येईपर्यंत भांडायची तयारी करत बसतात. निर्णय झाला की त्याच रात्री ग्रुपवर चार ओळी टाका, कोणतं कोटेशन, किती रुपये, काम कधी सुरू, देखरेख कोण करणार.

म्हणजे ग्रुप बंद करा असं मी म्हणत नाहीये हं. लीकेजचे फोटो ग्रुपवरच बरे, सभेत फोन फिरवत बसण्यापेक्षा. कोटेशनच्या पीडीएफ ग्रुपवरच बऱ्या, ज्याला वाचायचंय तो निवांत वाचतो. पाण्याचा टँकर किती वाजता येणार हे सांगायला कुणी सभा बोलावत नाही. पण ज्यात पैसा आहे आणि ज्यात कुणाचं तरी मन दुखावणार आहे ते बोलणं टाइप करायचं नाही, आणि ग्रुपवर उलटसुलट तिसरा मेसेज आला की चौथा लिहायच्या आधी फोन उचलायचा, एवढं पाळलंत तरी वर्षातली निम्मी भांडणं होणारच नाहीत.

प्रश्न : आमच्या ऑफिसात ट्रेनर आले होते, त्यांनी सांगितलं की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के आवाज आणि देहबोली. मग व्हॉट्सअ‍ॅपवर आपलं फक्त ७ टक्केच पोचतं का? (वाचक, नाशिक)

नाही हो. असं असतं तर तुम्हाला जपानी सिनेमा सबटायटलशिवाय बघूनही ९३ टक्के कळला असता.

हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतले आहेत आणि ते प्रयोग फार मर्यादित होते. एखादा सुटा शब्द, तो म्हणतानाचा आवाज, चेहऱ्याचा फोटो, आणि हे एकमेकांशी जुळत नसतील तर ऐकणारा त्या माणसाची भावना कशावरून ठरवतो, एवढाच प्रश्न. मेहराबियन यांनी स्वतःच सांगितलंय की आवड-नावड, भावना यांच्या पलीकडे हे समीकरण लावू नका. पण ट्रेनिंगच्या स्लाइडवर आकडा छान दिसतो, म्हणून तो फिरतोय साठ वर्षं होत आली तरी. ट्रेन किती वाजता आहे हे मेसेजवर शंभर टक्के पोचतं. "मी रागावलेली नाहीये" हे मात्र पोचत नाही, तेवढ्यापुरते मेहराबियन बरोबर.

प्रश्न : आमचा १२ जणींचा बचत गट आहे, सातारा जिल्ह्यातलं गाव. दर महिन्याच्या पाच तारखेला बैठक असते. आता गटातल्या पाच-सहा तरुण सुना म्हणतात की हप्ता फोनपे करू, कर्जमागणी ग्रुपवर लिहू, सगळ्यांनी हो म्हटलं की झालं, बैठकीला दोन तास घालवायचे कशाला, शेतात माणसं असतात. म्हाताऱ्या बायका ऐकत नाहीत. मी सचिव आहे, दोन्हीकडून माझंच डोकं खातात.

ताई, तुमच्या पत्रावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण सोसायटीत नुसतं भांडण होतं पण गटात घामाचे पैसे असतात.

सुनांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. हप्ता फोनवर येऊ दे की, त्याला काय, उलट तारीख-वेळेसकट नोंद राहते आणि रोकड घरात ठेवायची जोखीम जाते. सगळ्या पैशांना एकच खातं आणि ते गटाचं, कुणाच्या नवऱ्याच्या फोनवर नाही, एवढंच बघा. पण बैठक म्हणजे हप्ता गोळा करायची जागा असं त्यांना वाटतंय, तिथे गडबड आहे.

तुम्हाला पंचसूत्री पाठ असेलच, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. त्यात बैठक पहिली आहे आणि ती उगाच पहिली नाही. नाबार्डने १९९२ साली गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग सुरू केला तेव्हा अडचण हीच होती की या बायकांकडे तारण ठेवायला काही नाही, सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, मग बँकेने कशावर विश्वास ठेवायचा. तर दहा-वीस बायका दर महिन्याला एकत्र बसतात, एकमेकींचे पैसे एकमेकींसमोर मोजतात, आणि एकीने थकवलं तर बाकीच्या तिच्या दारात जातात, यावर. बँकेचं तारण ते. म्हणूनच बँक गटाचं मूल्यमापन करताना नुसती शिल्लक बघत नाही, बैठका किती झाल्या, हजेरी किती, प्रोसिडिंग बुकात काय लिहिलंय हे चाळते. उमेदची, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची, सीआरपी ताई (गटांना मदत करणारी गावातली कार्यकर्ती) येते तीसुद्धा आधी वहीच मागते ना.

आता कर्जमागणी. समजा गटात शिलकीत पंधरा हजार आहेत आणि मागणाऱ्या दोघी, एकीला मुलाच्या ॲडमिशनला दहा हवेत, दुसरीला शेळी घ्यायला बारा. ग्रुपवर काय होईल, जिने आधी मेसेज टाकला तिला पटापट "ओके ताई" मिळतील आणि दुसरी लिहिणारच नाही, कारण तिच्या डोळ्यासमोर दिसतंय की पैसे गेले. गोल करून बसल्यावर असं होत नाही. बसल्यावर कुणीतरी विचारतं, शेळी या महिन्यातच पाहिजे का, कुणाला तरी आठवतं की ॲडमिशनची शेवटची तारीख वीस आहे, मग दहा इकडे जातात, पाच तिकडे, बाकीचे पुढच्या महिन्यात पहिल्यांदा तिला, आणि हे सगळं बाराजणींच्या देखत ठरलेलं असल्यामुळे पुढच्या महिन्यात कुणी फिरवत नाही. जिची परतफेड दोन महिने थकलीय ती मान खाली घालून बसलेली असते, तेही दिसतं, आणि शेजारची हळूच सांगते की तिचा नवरा आजारी आहे, दंड लावू नका. ग्रुपवर ती बाई नुसती "सीन" करून गप्प बसलेली दिसेल आणि कुणीतरी लिहील "ज्यांचे थकले आहेत त्यांनी भरावे", झालं, ती गट सोडते.

अजून एक आहे, ते सुनांना स्पष्ट विचारा. तुमचा फोन नक्की कुणाचा आहे? गावात कितीतरी घरी बायकोचा म्हणून जो फोन असतो तो मुलगा खेळतो आणि नवरा वाचतो. कुणी किती कर्ज काढलं, कशाला काढलं हे ग्रुपवर लिहिलं की ते फक्त गटातच राहत नाही. बैठकीत नवरे नसतात. बायका तिथे जे बोलतात त्यातलं निम्मं तरी त्या घरी बोलत नाहीत आणि दोन तासांतला दीड तास त्यासाठीच जातो असं म्हाताऱ्या बायका तुम्हाला तोंडावर सांगणार नाहीत, पण त्या हटून बसल्यात त्यामागे हेही असणार.

तरी सुनांचा वेळ वाचवा. हप्ता आधी फोनवर, त्याची यादी तुम्ही आदल्या रात्री ग्रुपवर टाका, बैठकीत ती फक्त वाचून पासबुकात चढवायची. वेळ शेतीच्या हिशोबाने संध्याकाळी सातची ठेवा. भांगलणीच्या नाहीतर काढणीच्या दिवसांत बैठक आटोपशीर चालेल, पण कर्ज, दंड आणि नवीन सभासद हे तीन विषय कधीच ग्रुपवर नाहीत, असा ठराव करून वहीत लिहा आणि सह्या घ्या. आणि हो, ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं बंद करा, नाहीतर यादी फुलांखाली गाडली जाते.

प्रश्न : ताई, मी अमरावतीची, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. प्रोजेक्टसाठी आमचा सहा जणांचा गट आहे. ग्रुपवर मी मोठमोठं लिहिते, पॉइंट काढते, सगळे म्हणतात भारी आहे. पण लॅबमध्ये बसलो का मी गप्पच होऊन जाते अन् तेच पॉइंट दुसरा पोट्टा सांगून राहिला असते अन् सर त्यालेच शाबासकी देतात. ग्रुपवरची मी खोटी आहे का?

खोटीबिटी काही नाही गं. समोरासमोरच्या गटात एका वेळी एकालाच बोलता येतं हा त्या पद्धतीचाच दोष आहे. जर्मनीतल्या मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबं या दोघांनी १९८७ मध्ये हेच तपासलं होतं. चार जण एकत्र बसून कल्पना काढतात तेव्हा, तेच चार जण वेगवेगळे बसून काढतील त्यापेक्षा कमी निघतात, आणि त्याचं मोठं कारण लाज किंवा आळस नव्हतं तर वाट बघणं होतं. दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबायचं, तोवर आपला मुद्दा डोक्यात धरून ठेवायचा, मग नवीन सुचत नाही आणि धरलेलंही निसटतं. लिहिताना ही रांग नसते, सहाही जण एकदम लिहू शकतात. म्हणून सुचवण्याच्या कामाला लेखी माध्यम बरं आणि तू त्यात भारी आहेस तर ते काही आडवाटेनं मिळवलेलं नाही.

पण निवडायचं, जोडायचं, यातलं काय टाकून द्यायचं हे ठरवायचं तेव्हा एकत्र येऊन बोलावंच लागतं. तर तू गटाला असं सुचव की लॅबमध्ये बसल्यावर पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, एकाच शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्ये प्रत्येकाने आपलं लिहायचं, पुढे नाव टाकायचं, आणि मग ते वाचत वाचत बोलायचं. नाव टाकणं सोडू नकोस, तुझा मुद्दा तुझ्या नावासकट स्क्रीनवर असला की तो पोट्टा तो स्वतःचा म्हणून सांगूच शकत नाही, आणि सरांना डॉक्युमेंटची लिंक आधीच पाठवून दे.

आणि एक ऐक. २०१० साली अनिता वुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच जणांचे छोटे गट घेऊन बघितलं की कुठला गट हुशार ठरतो. गटातल्या सगळ्यात हुशार माणसावर ते फारसं अवलंबून नव्हतं. बोलण्याच्या पाळ्या बऱ्यापैकी सारख्या वाटल्या जातात का आणि गटातल्या लोकांना एकमेकांच्या मनातलं ओळखता येतं का, यावर जास्त होतं. म्हणजे तुमच्या गटात एकच जण बोलून राहिला असेल तर नुकसान तुझं एकटीचं नाही, प्रोजेक्टचं आहे, हे तू गटाला सांगू शकतेस, तक्रार म्हणून नाही तर कामाची गोष्ट म्हणून. तोंड उघडायची सवयही लागायला हवी हे खरं, व्हायवा काही व्हॉट्सअ‍ॅपवर होणार नाही. पहिल्यांदा स्वतःचाच लिहिलेला मुद्दा नुसता मोठ्याने वाच, तिथून सुरू होतं.

प्रश्न : जर्मनीत वेगवेगळ्या शहरांत राहणारे आम्ही आठ मराठी लोक दर महिन्याला झूमवर मराठी पुस्तकांवर गप्पा मारतो. माणसं छान आहेत, पुस्तकंही छान, पण गप्पा होतच नाहीत. एक बोलतो, मग शांतता, मग दोघं एकदम बोलतात, "सॉरी तुम्ही बोला", "नाही नाही तुम्ही", आणि परत शांतता. वर्षातून एकदा फ्रँकफर्टला भेटतो तेव्हा हेच लोक मध्यरात्रीपर्यंत थांबत नाहीत.

तुमच्या माणसांत काही खोट नाही, इंटरनेटच्या तारेत आहे. २००९ मध्ये तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या गटाने जगभरातल्या दहा भाषांतली बोलणी मोजली, एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी अंतर सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. मराठी त्या दहात नव्हती, पण आपल्याकडे तर समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपलं सुरू होतं, त्यामुळे आपला आकडा काय निघेल ते सोडा. एवढ्या कमी वेळात बोलायचं म्हणजे माणूस ऐकता ऐकताच तयारी करत असतो, समोरच्याचा श्वास, नजर, पुढे झुकणं यावरून अंदाज घेत. झूमवर आवाज आणि चित्र यायलाच तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ जातो, आणि आठ चौकटींत कोण कुणाकडे बघतंय हेही कळत नाही. दोघांना एकाच वेळी वाटतं की जागा रिकामी आहे.

लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन आरती ज्यांनी केली त्यांना हे पुराण सांगायची गरज नाही. पुण्याचा काका "सुखकर्ता"वर, न्यू जर्सीची मावशी अजून शंखच वाजवतेय, आणि ॲप सगळ्यांत मोठा आवाज तेवढा ठेवून बाकीचे दाबतं, त्यामुळे ऐकू येते ती फक्त झांज. एकत्र गायचं तर आवाज पोचायला २५-३० मिलिसेकंदांच्या वर वेळ गेला की ताल सुटतो, आणि पुण्याहून न्यू जर्सीला पोचायलाच त्यापेक्षा जास्त लागतात. तिथे सेटिंग बदलून काही होत नाही.

गप्पांना मात्र थोडं करता येतं. बोलणं संपलं की बोलणाऱ्यानेच पुढच्याचं नाव घ्यायचं, "आता म्युनिकवाले बोला", सुरुवातीला शाळेतल्यासारखं वाटतं पण ते "सॉरी तुम्ही बोला" जातं. आठऐवजी चार-चारच्या दोन खोल्या करा अर्ध्या तासासाठी, मग सगळे एकत्र या. स्वतःचं चित्र स्वतःला दिसणं बंद करा, हे सेटिंग आहे. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये झूमचा थकवा कशाने येतो यावर लिहिलं होतं, त्यात एक कारण हेच की तासन्‌तास आरशासमोर बसल्यासारखं होतं, बाकीची म्हणजे सगळे चेहरे फार जवळून आपल्याकडेच बघतायत असं वाटणं, हलता न येणं, आणि साधी मान हलवायची तरी मुद्दाम दिसेल अशी हलवावी लागणं. कधीतरी कॅमेरा बंद ठेवून नुसत्या आवाजावर पुस्तकातलं पान वाचून बघा, चालत चालत ऐका हवं तर. अभिवाचनाला झूम बरं पडतं, कारण तिथे मुळातच एका वेळी एकच बोलतो.

आणि फ्रँकफर्ट वर्षातून दोनदा करा. जी माणसं रात्रभर एकत्र बसलीयत त्यांना नंतर स्क्रीनवर एकमेकांची शांतता कमी टोचते, हे मी वेगवेगळ्या गटांत बघितलंय, आकडा विचाराल तर नाही माझ्याकडे.

प्रश्न : हिंजवडीत टीम आहे, सहापैकी तिघं ऑफिसात, तिघं घरून. मीटिंगनंतर घरचे म्हणतात आम्हाला काही कळलंच नाही, ऑफिसवाले म्हणतात सगळं तर सांगितलं.

तीन प्रकारांत हा सगळ्यात वाईट. सगळे समोर चालतं, सगळे स्क्रीनवर चालतं, अर्धे-अर्धे मात्र चालत नाही. खोलीतले तिघं टेबलाखालून हसतात, बोर्डावर काहीतरी काढतात, मीटिंग संपल्यावर कॉफी मशीनजवळ खरा निर्णय घेतात आणि घरचे तिघं टीव्ही बघितल्यासारखे बघत बसतात. एक जरी माणूस घरून असेल तर ऑफिसातल्यांनीही आपापल्या लॅपटॉपवरून, हेडफोन लावून, वेगळ्या जागी बसून जॉइन व्हायचं, खोली बुकच करायची नाही. कॉफी मशीनजवळ काही ठरलं तर ते चॅनेलवर लिहिल्याशिवाय ठरलं असं धरायचं नाही.

आणि कशासाठी ऑफिसात बोलवायचं तेही बघा. २०२२ मध्ये मेलानी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांचा अभ्यास आला, त्यात भारतासकट पाच देशांतले इंजिनिअर होते, जोड्या-जोड्यांनी काम करणारे. समोरासमोर बसलेल्यांना नवीन कल्पना जास्त सुचल्या, व्हिडिओवर माणूस स्क्रीनलाच चिकटून राहतो आणि नजर भटकत नाही म्हणून डोकंही भटकत नाही. पण सुचलेल्यातलं चांगलं निवडायला व्हिडिओवाले मागे नव्हते. म्हणजे स्टेटस अपडेटसाठी वाकडच्या पुलावर दीड तास घालवायला लावू नका, नवीन काही आखायचं असेल त्या दिवशी सहाही जणांना एकदम बोलवा आणि जेवण टीमच्या खर्चाने.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचं सामाईक घर आहे, भावकीचा १७ जणांचा ग्रुप. छपराच्या खर्चावरून धाकटा चुलतभाऊ ग्रुप सोडून गेला. आता सगळे मला म्हणतात, तुम्ही ॲडमिन आहात, त्याला परत ॲड करा. करू का? (निवृत्त शिक्षक, ठाणे)

नका करू. न विचारता ॲड केलं की तो दोन मिनिटांत परत जाईल आणि मग त्याने तुमच्याकडेही पाठ फिरवल्यासारखं होईल. हल्ली कुणी ग्रुप सोडला की सूचना फक्त ॲडमिनलाच जाते, तरी तुमच्याकडे सगळ्यांना कळलंय म्हणजे सांगणारे आहेतच घरात.

त्याला फोन करा आणि छपराचं पहिल्या फोनला काढू नका. मग बाकीच्यांना सांगा की घराच्या पैशांचं ग्रुपवर काही लिहायचं नाही. गणपतीला घरात सगळे जमणारच आहेत, पण पहिल्या दिवशी हा विषय नको, पाहुणे असतात, मोदक असतात, कुणाचं लक्ष नसतं. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी, परतीच्या गाड्या सुटायच्या आधी, पडवीत बसा. सुताराला आणि कौलं घालणाऱ्याला तेव्हाच बोलावून ठेवा म्हणजे खर्चाचा आकडा भावकीतल्या कुणाच्या तोंडून येणार नाही, आणि धाकट्याला आधीच सांगा की हिशोबाची वही तू धर.